पोलादाचं आधीचं काम

ट्रकच्या कमानीचा पाटा तापवायचा, ठोकायचा आणि त्यातून कोयता, विळा किंवा स्वयंपाकघरातली सुरी काढायची, ही महाराष्ट्रातल्या लोहारकामाची आजची रीत आहे. गावात राहणारा लोहार असो की पाल ठोकून फिरणारा घिसाडी, दोघांच्याही भात्याजवळ भंगारातल्या पाट्यांचा ढीग असतो आणि आठवडी बाजारात गिऱ्हाईक ‘पाट्याचाच आहे ना?’ असं विचारूनच कोयता हातात घेतं. शहरांतही काही तरुण मंडळी हौसेने जुन्या कानशी, बेअरिंगं, करवतीची पाती जमवून चाकू घडवू लागली आहेत. या कामावरचे आक्षेप वजनदार आहेत, म्हणून ते धातुशास्त्राच्या एका कल्पित प्राध्यापकांच्या तोंडी घालतो. माझं म्हणणं असं, की भंगारातल्या पोलादाला कागद नसला तरी ओळख असते, ती ओळख ते आधी करत असलेल्या कामात असते आणि ती वाचता येणं हीच लोहाराची खरी विद्या आहे. ही विद्या आपण अंदाजपंचे म्हणून बाजूला ठेवतो, ते मला चुकीचं वाटतं.

प्राध्यापक : तुमच्या शब्दांत आपुलकी आहे, पण पोलादाला आपुलकी कळत नाही. पोलाद म्हणजे लोखंडात किती कार्बन, किती मँगनीज, किती क्रोमियम याचा हिशेब. कार्बन ०.२ टक्के असेल तर कितीही तापवा, कशातही बुडवा, त्याला टिकणारी धार यायची नाही. ०.६ टक्के असेल तर येईल, १.२ टक्के असेल तर धार फार चांगली येईल, पण जरा चुकलात तर पातं काचेसारखं फुटेल. या तीन पोलादांना तीन वेगळी तापमानं, थंड करायचे तीन वेगळे मार्ग. भंगारातला तुकडा उचलला तर यातलं काय हातात आलंय ते डोळ्यांनी कळत नाही. कारखान्यातून नवी पट्टी घेतली की सोबत तपासणीचा दाखला येतो. आंधळेपणाने काम करण्यात कोणती विद्या आली?

लेखक : सर, तुकडा सुटा आणि अनोळखी असेल तर तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण पाटा हा सुटा तुकडा नसतो. ट्रकच्या कमानीने टनावारी ओझं पेलायचं, खड्ड्यागणिक वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं, हे लाखो वेळा. हे काम करू शकणारी पोलादं मोजकीच आहेत. अमेरिकेत ज्याला ५१६० म्हणतात त्यात कार्बन साधारण ०.५६ ते ०.६४ टक्के आणि क्रोमियम ०.७ ते ०.९ टक्के. आपल्याकडे ईएन ४५ या नावाने जे चालतं त्यात क्रोमियमच्या जागी सिलिकॉन जास्त, पण कार्बन पुन्हा अर्ध्या टक्क्याच्या वरच. म्हणजे पाटा कोणत्याही गाडीचा असो, त्याचा कार्बन कोयत्याला आणि सुरीला लागतो त्याच पट्ट्यात पडतो. हा योगायोग नाही. कुठल्या तरी अभियंत्याने प्रमाणित पोलाद निवडलं, कारखान्याने ते तपासलं आणि मग गाडीखाली बसवलं. तुमचा दाखला हरवला असेल, पण त्या दाखल्यामागचा निर्णय पाट्याच्या आकारातच उतरलेला आहे. बेअरिंगचंही तसंच. गोळ्या ज्या कड्यांतून फिरतात ती कडी बहुधा एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमच्या पोलादाची असतात, कारण झीज सोसायची तर तेवढं लागतंच. रत्नागिरीकडे कानशींचे कारखाने आहेत. चांगली कानस एक टक्क्याहून जास्त कार्बनची असते, कारण तिला दुसरं पोलाद कापायचं असतं. उलट बांधकामाची सळई वाकायला हवी आणि तिला जोड देता यायला हवा, म्हणून तिच्यातला कार्बन प्रमाणानुसार ०.३ टक्क्याच्या वर जाऊच देत नाहीत. सळईचा चाकू करायला जाणाऱ्याला लोहार अडवतो तो याच कारणाने, त्याला आकडा ठाऊक असो वा नसो.

प्राध्यापक : आणि एक्सा ब्लेड? त्यापासून केलेल्या सुऱ्या तर गल्लोगल्ली मिळतात. तिथे तुमचं ‘आधीचं काम’ फसतं.

लेखक : फसतं, आणि कसं फसतं ते नीट पाहण्यासारखं आहे. यंत्रावर चालणारी जुनी जाड एक्सा ब्लेड सबंध हायस्पीड पोलादाची असत. त्यांच्यात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम असतं, म्हणून सहाशे अंशांच्या आसपास तापली तरी त्यांचा कडकपणा टिकतो. ती भट्टीत घालायचीच नाहीत. आहेत तशी घासून आकार द्यायचा, की उत्तम सुरी होते. पण आजची बरीचशी ब्लेड दोन धातूंची असतात. पाठ लवचिक साध्या पोलादाची आणि फक्त दातांच्या ओळीला हायस्पीडची बारीक पट्टी जोडलेली. चाकू करणारा आधी दात घासून टाकतो आणि दातांबरोबर सगळं चांगलं पोलाद खाली सांडतं. उरते ती मऊ पाठ. तेव्हा वस्तूचं काम वाचायचं म्हणजे तिचं नाव वाचून थांबायचं नाही. त्या वस्तूतला कुठला भाग कुठलं काम करत होता इथपर्यंत जायचं. स्वस्त कानशीतही हा धोका आहे, काही नुसत्या वरच्या कातडीपुरत्या कडक केलेल्या असतात. म्हणून ओळखीनंतर परीक्षा येते. ग्राइंडरच्या चाकाला पोलाद लावलं की कार्बन जास्त असेल तिथे ठिणगीला फाटे फुटतात, ठिणगी फुलते. सळईची ठिणगी लांब, सरळ आणि कमी फुटणारी. मग बोटभर तुकडा कापून लाल करायचा, तेलात विझवायचा आणि त्यावर कानस फिरवायची. कानस घसरली तर पोलाद कडक झालं, कानशीने खाल्लं तर नाही झालं. शेवटी तो तुकडा हातोड्याने मोडायचा आणि आतला कण बघायचा. रेशमासारखा बारीक करडा दिसला तर ताप बरोबर लागला. साखरेसारखा जाड, चमकणारा दिसला तर जास्त तापलं. हे सगळं अर्ध्या तासात होतं. याला आंधळेपणा कसं म्हणणार?

प्राध्यापक : बरं, घटक कळले असं धरू. पण तुम्ही पोलादाचं वय विसरता आहात. लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात थकव्याच्या बारीक भेगा असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. लोहार म्हणतो, ठोकून एकजीव करतो. तसं होत नाही. भेगेच्या आतल्या भिंती गंजलेल्या असतात आणि गंजलेल्या भिंती घणाखाली जुळत नाहीत. उद्या उसाच्या फडात कोयत्याचं टोक तुटून कुणाच्या डोळ्यात गेलं तर?

लेखक : हा मला सगळ्यांत गंभीर आक्षेप वाटतो. लोहारांनी ‘ठोकून भेग मिटते’ असं म्हणणं सोडलं पाहिजे, यात शंका नाही. पण भेगा पाट्यावर कुठेही उगवत नाहीत. मधल्या बोल्टाचं भोक, जिथे कमान आसाला आवळलेली असते ती जागा, आणि जिथे गंजाने खड्डे पडलेत तो पृष्ठभाग, या नेहमीच्या जागा आहेत. तो भाग कापून टाकायचा. राहिलेल्यावर रॉकेल आणि खडूची परीक्षा करता येते. पृष्ठभाग घासून स्वच्छ करायचा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचं, पुसून कोरडं करायचं आणि वर खडूची पूड पसरायची. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. याच तत्त्वावर तेल आणि चुन्याची भुकटी वापरून रेल्वेच्या कार्यशाळा एके काळी आस तपासत. शिवाय घडवण्याचं कामच एक परीक्षा आहे. दहा मिलिमीटरचा पाटा तीन-चार मिलिमीटरवर आणताना आतली भेग दडून राहणं कठीण. ती उघडी पडते, आणि लोहाराने तो तुकडा मोडीत टाकला पाहिजे. तो टाकत नसेल तर दोष त्याच्या घाईचा किंवा गरजेचा आहे. कागदासकट आलेल्या नव्या पोलादावरही घाईने काम केलं तर विझवताना भेग पडतेच.

प्राध्यापक : मग सरळ प्रश्न विचारतो. नवी पट्टी काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. एका चाकूत पोलादाची किंमत ती किती? बाकी सगळी मेहनत. मेहनत महाग आणि पोलाद स्वस्त असताना तुम्ही पोलादात काटकसर करता आणि तपासण्यांत वेळ घालवता. हे अर्थशास्त्र मला समजत नाही.

लेखक : शहरातल्या हौशी माणसाच्या बाबतीत तुमचं अर्थशास्त्र बरोबर आहे, आणि त्याला मीही हेच सांगेन. पहिल्यांदा शिकताना ओळखीची नवी पट्टीच घ्यावी. पातं तडकलं तर चूक आपली की पोलादाची, हे नवशिक्याला कळायला हवं. दोन्ही अनोळखी असतील तर तो काहीच शिकत नाही. भंगार हा त्यानंतरचा वर्ग. पण लोहाराचा हिशेब वेगळा आहे. तो गिऱ्हाइकाला एक खुरपं देतो, दोन विळ्यांना धार लावतो, त्या पैशांत कोळसा आणि संध्याकाळचं पीठ आणतो. नवं पोलाद लांबीने, वजनाने आणि रोखीने घ्यावं लागतं, बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन. भंगारवाल्याकडून तो एक पाटा उचलतो, त्यातून काही कोयते काढतो आणि ते विकले की दुसरा आणतो. भांडवल नसलेल्या माणसाला पोलाद हातभर विकत घेता येतं ते फक्त भंगारात. घिसाडी कुटुंबांत घण मारायला बाई उभी असते आणि सांडशीत पातं धरून पुरुष बसलेला असतो. त्या दोघांच्या मेहनतीची किंमत बाजार किती धरतो ते आपल्याला माहीत आहे. तिथे ‘मेहनत महाग, पोलाद स्वस्त’ हे सूत्र लागू पडत नाही.

आणि तपासण्यांच्या वेळेबद्दल आणखी एक. एका गाडीच्या कमानीत पाट्यांचा थर असतो आणि त्यातल्या एका लांब पाट्यातून अनेक पाती निघतात. एका तुकड्याची परीक्षा त्या सगळ्यांना पुरते. आणि कागदापेक्षा पात्याचीच परीक्षा घेण्याची रीत बाहेरही आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संस्था १९७६ साली निघाली. तिची पहिल्या पायरीची परीक्षा बघा. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या चाकूने लोंबकळता एक इंच जाडीचा दोर एका घावात कापायचा, बांधकामाचं लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं काटकोनात वाकवायचं. दोन तुकडे झाले तर नापास. निकाल ठरतो तो पात्याने काय केलं यावर.

प्राध्यापक : त्या परीक्षेत चाकू वाया जातो, आणि त्याचा निकाल पुढच्या चाकूला लागू होईल याची हमी नसते. एकसारखेपणा हा कारखान्याचा खरा गुण आहे. हजारावी सुरी पहिलीसारखी. तुमचा लोहार सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या उन्हात एकच लाल रंग वेगळा बघतो. तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडेल.

लेखक : म्हणूनच जाणता लोहार आगटी सावलीत मांडतो. नुसत्या रंगावर विसंबण्याची गरजही नाही. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटेनासं होतं. त्यानंतर अजून थोडं, पाट्याच्या पोलादासाठी ८३० अंशांच्या जवळपास गेलं की विझवायचं. दोरीला बांधलेलं, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक एवढं काम करतं. पण एकसारखेपणाचा मुद्दा मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. कारखाना एकसारखा कडकपणा देतो, पण तो कुणासाठी? स्वयंपाकघरातली चांगली सुरी रॉकवेल मापावर ५६ ते ६० कडक असते. तेवढा कडक कोयता ऊसतोड कामगाराच्या हातात दिला तर काय होईल? बीडकडून कारखान्यांच्या पट्ट्यात येणाऱ्या टोळ्यांत मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजतो आणि उचलही त्याच हिशेबाने देतो. पहाटेपासून तोड चालते आणि धार फडातच, कानशीने लावायची असते. कानस स्वतः पासष्टच्या आसपास कडक. साठीच्या पात्यावर ती नुसती घसरेल. शिवाय उसाच्या बुडाला माती असते, खडा असतो. फार कडक धारेचे तुकडे उडतील. त्या माणसाला कानशीने सहज खाल्लं जाईल असं, थोडं मऊ पातं हवं. धार जाईल, पण चार फटक्यांत परत येईल.

हे लोहार कसं साधतो ते धातुशास्त्राच्या दृष्टीनेही सुंदर आहे. गाडीखालचा पाटा साधारण ४२ ते ४८ कडक असतो, कारण त्याला विझवल्यावर चारशे अंशांच्या पुढे पुन्हा तापवून लवचिक केलेलं असतं. पाटा नुसता कापून, घासून कोयता केला तर तो कमानीइतकाच कडक राहतो. धारेला थोडा कमी पडतो. लोहार पुन्हा लाल करतो आणि पाणी देताना सगळं पातं बुडवत नाही, फक्त धारेकडची बाजू बुडवतो. पाठीत आग शिल्लक असते. पातं बाहेर काढून तो घासून चकचकीत करतो आणि पाहत राहतो. पाठीतली ऊब धारेकडे सरकते, तिच्यापुढे रंग सरकतात. आधी गवती पिवळा, तो दोनशे अंशांच्या थोडा वर. मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. सुरी असेल तर पिवळ्यावर थांबवायचं, कोयता असेल तर जांभळ्या-निळ्याकडे जाऊ द्यायचं, आणि हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा बुडवायचं. पाठ मऊ राहते, घाव सोसते. धार कामापुरती कडक. गिऱ्हाईक समोर बसून ‘मला निंदायला हवंय’ किंवा ‘नारळ सोलायला हवाय’ असं सांगतं आणि लोहार त्याप्रमाणे रंग थांबवतो. कारखान्याची हजारावी सुरी पहिलीसारखी असते हे खरं, पण ती गिऱ्हाइकाला काही विचारत नाही.

प्राध्यापक : याच पाण्यात अर्धे पाटे तडकत असतील! क्रोमियमच्या पोलादाला तेल हवं.

लेखक : हवंच. पाण्याची सवय साध्या कार्बनी लोखंडाच्या काळातली आहे आणि पाट्याच्या पोलादाला ती धोक्याची आहे. कोमट शेंगतेलात विझवलेलं पातं कमी तडकतं. इथे लोहाराने शिकायला हवं, आणि आणखी एका ठिकाणी तर तातडीने. बरेच जण इंजिनाचं जळकं ऑइल वापरतात. त्याचा धूर छातीसाठी वाईट आहे. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत घालणं तर त्याहून वाईट. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी तोंडावर चांगला मास्क हवा. जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी या गोष्टी दडवणं मला पटत नाही. तसंच मुठीचं. जुन्या वाड्याच्या मोडक्या तुळईचं सागवान घ्यावं, बाभूळ घ्यावी, शिसवाचा तुटका पाय घ्यावा. पण सांबराचं शिंग घेऊ नये, ते जंगलात गळून पडलेलं असलं तरी त्याचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. रुळाचं पोलाद ०.६ ते ०.८ टक्के कार्बनचं, चाकूला चांगलं, पण रेल्वेच्या मालाबाबत १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. पावतीशिवाय तुकडा जवळ बाळगू नये. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे. शेती-घरकामाच्या हत्यारांना सूट आहे, म्हणून हत्यार कामाचं आहे हे त्याच्या घडणीतच दिसावं.

प्राध्यापक : गंजाचं काय? १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद केलं ते उगाच नव्हे.

लेखक : गंज हा निष्काळजीपणाचा प्रश्न आहे. पातं चिंच-कोकमाला लागलं की काळं पडतं; धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवला की टिकतं. आपल्या घरांतल्या जुन्या विळ्या अशाच टिकल्या आहेत.

प्राध्यापक : शेवटी पर्यावरणाचा मुद्दा तुम्ही काढणारच. भंगार वितळतंच आहे. एक टन भंगार वितळवलं की सुमारे १,४०० किलो लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. तुमच्या चार कोयत्यांनी त्यात काय भर पडणार?

लेखक : फार नाही, आणि भात्याचा कोळसा धरला तर तो दावा मी करणारही नाही. मला दुसरी गोष्ट खटकते. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार जातं आणि सळई बाहेर येते. पाटाही तिथेच गेला तर त्याचा कार्बन, त्याचं क्रोमियम सगळ्या भंगारात मिसळून पातळ होतं. भंगारातल्या मोटारींच्या तारांचं तांबं त्यात उतरतं ते पुन्हा निघत नाही. लोखंड वाचतं, पण त्यात घातलेली निवड हरवते. लोहार पाटा वितळवत नाही, म्हणून ती निवड जशीच्या तशी पुढच्या हत्यारात जाते. वस्तू तिच्या गुणासकट वापरात ठेवण्याचा हा मार्ग लहान आहे, पण वितळवण्याच्या मार्गाला जे जमत नाही ते तो करतो. नेपाळचे ‘कामी’ लोहार ट्रकच्या पाट्यांतून खुकरी घडवतात, जपानी लोहार जुने खिळे-भांडी पुन्हा आगटीत शुद्ध करून घेत, अमेरिकेच्या सरहद्दीवर झिजलेल्या कानशींचे चाकू होत. सगळीकडे चांगलं पोलाद ओळखणाऱ्या माणसाने ते वाया जाऊ दिलं नाही.

प्राध्यापक : तरी मला आकडा हवा. तुमचा लोहार धारेवर निळा रंग थांबवतो म्हणता. त्या कोयत्याचा कडकपणा किती आला ते त्याला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

लेखक : हे मान्य आहे, आणि ते कळायला फारसं काही लागत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत कडकपणा मोजायचं यंत्र असतं आणि एक मोजणी काही मिनिटांची असते. आठवड्यातून एक दुपार ते यंत्र तालुक्यातल्या लोहारांसाठी उघडं ठेवा. ते आपल्या पात्यांचे तुकडे घेऊन येतील, कुठल्या रंगावर थांबले ते सांगतील, तुमचे विद्यार्थी आकडा लिहून घेतील. ठिणगी, मोडलेला कण, रंग आणि रॉकवेल यांची एक वही मराठीत तयार होईल.

प्राध्यापक : विद्यार्थी घेऊन येतो. पण तुकड्यांवर रंग कुणी थांबवला त्याचं नाव लिहायचं, आणि तडकलेले तुकडेही आणायचे. चांगलेच तेवढे दाखवले तर वहीचा उपयोग नाही.

लेखक : तडकलेले आधी मोजू. त्यांच्यातूनच कळेल की पाणी सोडून तेलाकडे कधी जायचं.